‘आहे’ आणि ‘असावे’: विज्ञानाच्या उताऱ्यातील अनुमानाविषयी

(अकादमीच्या शिक्षक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



साहित्य शिकवणाऱ्या बाईने विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. विषय सुचवला गेला तेव्हा मलाही वाटले होते. पण विज्ञानाचा उतारा वाचून त्याखालचे प्रश्न सोडवताना मुले कुठे अडखळतात हे पाहत गेले, तसे माझ्या लक्षात आले की पुष्कळदा त्यांचे विज्ञान चुकलेले नसते, वाचन चुकलेले असते. वाचन ही तर आपली, भाषा शिकवणाऱ्यांची जबाबदारी. म्हणून आज मी तुमच्यापुढे उभी आहे.

सुरुवात माझ्याच एका चुकीने करते. काही वर्षांपूर्वी आठवीच्या मुलांसाठी मी एक आकलनाची चाचणी काढली होती. उतारा लोखंडाच्या गंजण्यावर होता. शाळेच्या पुस्तकातला प्रयोग सगळ्यांना ठाऊक आहे. तीन परीक्षानळ्या, प्रत्येकीत लोखंडी खिळे. पहिलीत साधे पाणी, आणि नळीत हवाही आहे. दुसरीत उकळून गार केलेले पाणी आणि त्यावर तेलाचा थर. तिसरीत पाणी नाही. हवेतला ओलावा शोषून घेणारे निर्जल कॅल्शियम क्लोराइड घालून बूच लावलेले. काही दिवसांनी पहिल्या नळीतले खिळे गंजले, बाकीच्या दोन नळ्यांतले गंजले नाहीत. मी विचारले होते, ‘उताऱ्यावरून कोणते अनुमान निघते?’ आणि माझ्या उत्तरसूचीत बरोबर म्हणून लिहिले होते, ‘समुद्रकिनाऱ्यावरच्या गावांत लोखंड लवकर गंजते.’

एका मुलीने तो पर्याय सोडून ‘लोखंड गंजण्यासाठी हवा आणि पाणी दोन्ही लागतात’ या पर्यायावर खूण केली. मी गुण दिला नाही. पेपर हातात पडल्यावर ती माझ्याकडे आली आणि शांतपणे म्हणाली, ‘मॅडम, समुद्राचं उताऱ्यात कुठे आहे?’ मी उत्तर दिले, ‘अगं, ते सगळ्यांनाच माहीत आहे!’

ती काही न बोलता जागेवर जाऊन बसली. त्या रात्री मी उतारा पुन्हा वाचला. समुद्र त्यात नव्हता, मीठही नव्हते. किनाऱ्यावर लोखंड लवकर गंजते हे खरेच आहे. गोव्यातल्या कोणत्याही घराच्या खिडकीचे गज पाहावेत. पण ते माझ्या डोक्यात होते, उताऱ्यात नव्हते. मुलीने उतारा वाचला होता. मी फक्त उत्तरसूची वाचली होती.

खरे असणे आणि उताऱ्यावरून निघणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजच्या व्याख्यानाचा सारा भार या एका वाक्यावर आहे.

आता त्या तीन नळ्यांकडे परत जाऊ. पहिल्या नळीपुरते पाहिले तर काय म्हणता येते? खिळे गंजले. पण कशामुळे? तिथे हवा आहे आणि पाणीही आहे. एका नळीवरून दोघांतला दोषी कोण, हे सांगता येत नाही. दुसऱ्या नळीत पाणी आहे, पण पाणी उकळल्याने त्यात विरघळलेली हवा निघून गेली आहे आणि तेलाचा थर बाहेरची हवा पुन्हा आत शिरू देत नाही. इथे खिळे गंजले नाहीत. म्हणजे नुसते पाणी पुरत नाही. तिसऱ्या नळीत हवा आहे, ओलावा नाही. इथेही गंज नाही. म्हणजे नुसती हवा पुरत नाही. आता तिन्ही नळ्या शेजारी ठेवल्या की ‘दोन्ही लागतात’ हे वाक्य निघते. उताऱ्यात ते कुठेही छापलेले नाही, तरी उताऱ्याबाहेरून आणलेलेही नाही. अनुमान ते हेच.

तेलाच्या थराविषयी एकच छोटे वाक्य उताऱ्यात असते. घाईत वाचणारे मूल ते ओलांडून जाते, आणि मग दुसऱ्या नळीत पाणी असूनही गंज का नाही, हे त्याला कळत नाही. ललित लेखात एखादे वाक्य शोभेसाठी येऊ शकते. विज्ञानाच्या चांगल्या उताऱ्यात तेल, बूच, उकळणे यांतले काहीच शोभेसाठी नसते.

अनुमान हा शब्द आपल्याकडे नवा नाही. न्यायशास्त्राने त्याला प्रत्यक्षाच्या पाठोपाठ प्रमाणाचे स्थान दिले. ‘डोंगरावर अग्नी आहे, कारण तिथे धूर दिसतो’ हे उदाहरण तर आपण सर्वांनी ऐकले आहे. त्यात खरी मेख आहे ती व्याप्तीची: जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. हा संबंध पक्का असेल तरच धुरावरून अग्नी सांगता येतो. आणि पुढची गोष्ट आपण वर्गात क्वचित सांगतो. हा संबंध उलटा फिरवता येत नाही. जिथे अग्नी तिथे धूर, असे म्हणता येत नाही. लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा घ्या, त्यात अग्नी आहे पण धूर नाही. धुरासाठी ओले इंधनही लागते. नैयायिकांनी या ‘ओल्या इंधना’ला उपाधी म्हटले, म्हणजे नजरेआड राहिलेली अट. परीक्षेतल्या चुकीच्या पर्यायांपैकी कितीतरी पर्याय म्हणजे हा उलटा फिरवलेला संबंध असतो, किंवा अट विसरलेला संबंध असतो.

न्यायसूत्रांतच आणखी एक सुंदर वाद आहे. नदीला पूर आलेला पाहून आपण म्हणतो, वर पाऊस पडला असावा. पूर्वपक्षी विचारतो, कशावरून? कुणी प्रवाह अडवला तरी पाणी चढते. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणजे पाऊस येणार म्हणता, पण कुणी त्यांचे वारूळ मोडले असेल तरी त्या निघतील. मोराचा आवाज ऐकून मोर आहे म्हणता, पण माणूसही तसा आवाज काढतो. तेव्हा अनुमान हे प्रमाणच नव्हे! सिद्धांती याला काय उत्तर देतो? तो अनुमान सोडून देत नाही. तो म्हणतो, तुम्ही जे पाहिले ते वेगळे आणि आम्ही जे पाहिले ते वेगळे. भाष्यकार वात्स्यायन समजावून सांगतात की नुसते चढलेले पाणी हा हेतूच नव्हे. पाणी वेगाने येते आहे, फेसाळले आहे, फळे, पाने, लाकडे वाहून आणते आहे, असे पाणी पाहिले तर वर पाऊस झाल्याचे अनुमान करावे.

हे मला फार मोलाचे वाटते. शंका आली म्हणून गप्प बसायचे नसते, अधिक नीट पाहायचे असते. आकलनाच्या प्रश्नातही दोन टोकांची मुले भेटतात. एक डोळे मिटून उडी मारते. दुसरे इतके घाबरते की उताऱ्यातले वाक्य जसेच्या तसे ज्या पर्यायात आहे तोच निवडते. पहिल्याने पाण्याची पातळी पाहिली आणि पाऊस ठरवला. दुसरा नदीकाठी नुसता उभाच राहिला. दोघांनीही पानेलाकडे पाहिली नाहीत.

आता आपल्या भाषेकडे येते. मराठीत अनुमानाची पायरी क्रियापदातच दिसते. ‘पाऊस पडला आहे’ असे मी म्हटले तर मी ते वस्तुस्थिती म्हणून सांगते. ‘पाऊस पडला असावा’ म्हटले तर अंगण ओले पाहून मी तर्क केला आहे. ‘पाऊस पडला असेल’ यात अंदाज आणखी सैल आहे. आणि ‘पाऊस पडला म्हणे’ यात जबाबदारी सांगणाऱ्यावर ढकलली आहे. आपण विध्यर्थ शिकवतो, कर्तव्य, शक्यता, योग्यता, इच्छा असे अर्थ पाठ करून घेतो, आणि विज्ञानाच्या तासाला त्यातले काहीच बरोबर नेत नाही. ज्या मुलाला ‘आहे’ आणि ‘असावे’ यांतले अंतर कळते, त्याला अनुमानाचे अर्धे शास्त्र आईच्या बोलण्यातूनच मिळालेले असते.

तीच गोष्ट अव्ययांची. ‘हवा असेल तर लोखंड गंजते’ आणि ‘हवा असेल तरच लोखंड गंजते’ ही दोन वाक्ये पाहा. पहिल्यात हवा पुरेशी ठरते. दुसऱ्यात हवा आवश्यक ठरते, पुरेशी असेलच असे नाही. तीन नळ्यांचा प्रयोग पहिले वाक्य खोटे पाडतो आणि दुसऱ्याला आधार देतो. एका ‘च’ ने सारे फिरले.

इथे इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादहून आलेल्या शिक्षकांचे विशेष लक्ष वेधते. आपली मुले दिवसभर हिंदी ऐकतात. हिंदीतला ‘ही’ म्हणजे आपला ‘च’, आणि आपला ‘ही’ म्हणजे हिंदीतला ‘भी’. ‘गंजण्यासाठी पाणीही लागते’ हे वाक्य हिंदीच्या सवयीने वाचणाऱ्या मुलाला ‘पाणीच लागते’ असे ऐकू आले, तर त्याचे अनुमान उलटे होणार, आणि आपण म्हणणार की त्याचे विज्ञान कच्चे आहे. हैदराबादच्या दखनीत गंमत उलटी आहे. तिथे ‘ऐसाइच’ म्हणताना मराठीचा ‘च’ सुखाने नांदतो आहे. तेव्हा तिथल्या मुलाला ‘च’ शिकवायचा तर दखनीतूनच शिकवावा. बहुभाषिक परिसरातल्या मुलाची ही अडचण आहे आणि तेच त्याचे भांडवलही आहे.

यात आणखी एक गोष्ट मिसळते. आपल्या शाळांतले विज्ञानाचे उतारे बहुधा दुसऱ्या भाषेतून भाषांतरित होऊन येतात. माझ्या पाहण्यात आलेल्या काही प्रश्नपत्रिकांत मुळातल्या ‘असू शकते’चे ‘असते’ झालेले होते, ‘काही’ गळले होते, ‘यानंतर’चे ‘यामुळे’ झाले होते. भाषांतर करणाऱ्याला वाक्य सोपे केल्याचे समाधान मिळते. मूल मात्र अशा उताऱ्यावरून अनुमान काढते की ज्यात शास्त्रज्ञाने जपलेला संशयच उरलेला नाही. सोपेपणा हवाच. पण सोपे करताना शंका पुसून टाकणे म्हणजे अर्थ पुसून टाकणे.

आता एक सविस्तर उदाहरण घेऊ. ते मुद्दाम हैदराबादच्या शेजारचे, सिकंदराबादचे निवडले आहे. समजा, उतारा असा आहे:

‘१८८० मध्ये अल्जीरियात लाव्हेराँ यांना हिवतापाच्या रुग्णांच्या रक्तात परजीवी दिसले. त्यांच्यात काळसर रंगद्रव्याचे कण होते. पुढे रोनाल्ड रॉस सिकंदराबाद येथे डासांचा अभ्यास करत होते. सुमारे दोन वर्षे इतर प्रकारच्या डासांत त्यांना हवे ते सापडले नाही. १८९७ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी अळ्यांपासून स्वतः वाढवलेल्या, पंखांवर ठिपके असलेल्या डासांना हिवतापाच्या एका रुग्णाचे रक्त पिऊ दिले. २० ऑगस्टला अशा एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना काही गोल पेशी दिसल्या. त्यांत तसेच काळे कण होते. दुसऱ्या दिवशी तपासलेल्या डासात या पेशी अधिक मोठ्या होत्या.’

आणि पर्याय असे आहेत. एक: हिवताप डास चावल्याने होतो. दोन: रुग्णाच्या रक्तातले परजीवी या प्रकारच्या डासाच्या जठराच्या भिंतीत वाढत असावेत. तीन: कोणत्याही डासात हे परजीवी वाढतात. चार: हिवताप पाण्यातून पसरत नाही.

वर्गात विचारा. बहुतेक हात पहिल्या पर्यायासाठी वर जातील. का जाणार नाहीत? ते खरे आहे. दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेले आहे, आजीने सांगितलेले आहे. पण उतारा पुन्हा वाचा. डासाने माणसाचे रक्त घेतले, एवढेच त्यात आहे. डासाने माणसाला काही परत दिले, असे एकही वाक्य नाही. वाट एकेरी आहे.

चौथा पर्यायही आज खराच वाटतो. पण रॉस यांचे मार्गदर्शक पॅट्रिक मॅन्सन यांचा तेव्हाचा तर्क असा होता की परजीवी डासात जातात, डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला हिवताप होतो. २० ऑगस्टला जे दिसले ते मॅन्सन यांच्या या तर्काशीही जुळत होते! म्हणजे उताऱ्यातले प्रत्येक वाक्य खरे आणि पर्याय मात्र खोटा, अशी स्थिती कल्पिता येते. अशी स्थिती कल्पिता आली की तो पर्याय अनुमान नव्हे. मला माहीत असलेली ही सर्वांत भरवशाची कसोटी आहे.

तिसरा पर्याय तर उताऱ्याच्या विरोधातच जातो, कारण दोन वर्षांचे अपयश तिथे लिहिलेले आहे. पण त्याच्या उलट ‘ठिपकेदार पंखांच्या डासातच असे परजीवी वाढतात’ असे कुणी म्हटले, तर तेही जास्तीचे आहे. पुढच्याच वर्षी रॉस यांना पक्ष्यांच्या हिवतापाचे परजीवी वेगळ्या प्रकारच्या डासात वाढताना दिसले. पुन्हा तोच ‘च’!

राहिला दुसरा पर्याय. त्याच्यामागे उताऱ्यातले चार दुवे आहेत. डास अळ्यांपासून वाढवलेले होते, म्हणून त्यांनी आधी दुसऱ्या कुणाचे रक्त प्यालेले नव्हते. कण रक्तातल्या परजीवींत दिसलेल्या कणांसारखेच होते. इतर डासांत त्या पेशी सापडल्या नव्हत्या. आणि दुसऱ्या दिवशी पेशी मोठ्या होत्या, म्हणजे त्या वाढत होत्या. ही झाली फेस, पाने आणि लाकडे. तरीही पर्याय ‘वाढत असावेत’ असे म्हणतो, ‘वाढतात’ असे म्हणत नाही. हाती दोन डास होते. दोन डासांवर ‘असावेत’ शोभते.

पहिल्या पर्यायापर्यंत पोचायला काय लागले? १८९८ मध्ये रॉस यांनी कलकत्त्यात पक्ष्यांवर काम केले, परजीवी डासाच्या लाळग्रंथींत पोचतात हे पाहिले आणि अशा डासांच्या चाव्याने निरोगी चिमण्यांना लागण होते हे दाखवले. त्याच वर्षाच्या अखेरीस इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या बाबतीत अ‍ॅनॉफेलिस डासाचा दुवा सिद्ध केला. १९०२ मध्ये रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दुसऱ्या पर्यायापासून पहिल्यापर्यंतचे अंतर एवढे मोठे आहे. खूण करताना मूल ते क्षणात ओलांडते, आणि आपण त्याला शाबासकी देतो.

इथे शिक्षक मला एक रास्त प्रश्न विचारतात. मग मुलाने माहीत असलेले सगळे विसरायचे का? नाही. पाणी उकळले की विरघळलेली हवा निघून जाते, हे ज्याला ठाऊक नाही त्याला दुसरी नळी समजणार नाही. जी माहिती उताऱ्यातल्या दोन वाक्यांना जोडते, ती घ्यावी. जी माहिती स्वतःच निष्कर्ष होऊन बसते आणि उताऱ्याची गरजच ठेवत नाही, ती दाराबाहेर ठेवावी. समुद्रकिनाऱ्याचा माझा पर्याय असा होता. उतारा झाकून ठेवला तरी त्याचे उत्तर देता आले असते. प्रश्न काढणाऱ्यांनी आपला प्रश्न असाच तपासावा: उतारा न वाचता बरोबर उत्तर देता येत असेल, तर तो आकलनाचा प्रश्न नव्हे.

वर्गासाठी तीन साध्या सवयी सुचवते. पहिली: पर्यायावर खूण करण्याआधी त्याच्या आधाराच्या वाक्यांखाली पेन्सिलीने रेघ मारावी. एकाच वाक्याखाली रेघ आली आणि पर्याय त्याचीच नक्कल असेल, तर ते अनुमान नाही, शोध आहे. दुसरी: ‘सर्व, काही, च, ही, तर, तरच, मुळे, नंतर, असावे’ या शब्दांना उताऱ्यात आणि पर्यायात गोल करावा. पर्यायातला शब्द उताऱ्यातल्या शब्दापेक्षा जोरकस असेल तर सावध व्हावे. तिसरी: ‘हे सगळे खरे असूनही पर्याय खोटा असू शकेल का?’ असे स्वतःला विचारावे. सुरुवातीला वेळ लागतो. सवय झाली की डोळा आपोआप तिथे थांबतो.

आणि एक सवय शिक्षकांसाठी. मुलाने चुकीची खूण केली तर आधी ‘का?’ विचारावे आणि पूर्ण उत्तर ऐकावे. पुष्कळदा चूक उत्तरसूचीत सापडते.

महाराष्ट्राबाहेर मराठी टिकवायची म्हणजे नाट्यसंगीत, कविता आणि सणवार एवढेच नव्हे. त्या भाषेत मुलाला ‘हे कशावरून?’ असे विचारता आले पाहिजे, आणि मोठ्यांना त्याचे उत्तर देता आले पाहिजे. ज्या भाषेत प्रश्न विचारणे थांबते, ती भाषा समारंभापुरती उरते.

त्या मुलीचा एक गुण मी नंतर देऊ शकले नाही, निकाल लागून गेला होता. पुढच्या आठवड्यात मी वर्गात माझा प्रश्न फळ्यावर लिहिला आणि तो चुकीचा का, हे तिलाच सांगायला लावले. ती आधी संकोचली. मग खडू घेऊन तिने तीन नळ्या काढल्या, दुसऱ्या नळीतल्या पाण्यावर तेलाची एक जाड रेघ ओढली आणि म्हणाली, ‘हे पाहा, इथून सुरू करू.’

मीही त्या दिवसापासून तिथूनच सुरू करते.